मोंटानाची वाटणी

धंतोलीतल्या एका दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर, धम्मानंद गजभिये खुब्याचं ऑपरेशन करून पडला होता. भेटायला येणारे लोक मोसंबी आणायचे, पायाकडे बघून हळहळायचे आणि आपापल्या नात्यातल्या कुणाचा खुबा कसा बिघडला होता ते सांगून जायचे. दोनच माणसं अशी होती ज्यांना पायाशी फारसं घेणंदेणं नव्हतं. ती आली की पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलायची, आणि मग त्यांतलं एकजण हमखास विचारायचं, "गाडी सावलीत आहे ना?"

गाडी म्हणजे मोंटाना मोटारसायकल. तीनशे ऐंशी किलोचं धूड, पुढे वाऱ्याची मोठी काच, दोन्ही अंगांना डबे, आणि मागे बसणाऱ्यासाठी टेकायला पाठ असलेली अशी सीट की सोफ्यानं लाजावं. लांब पल्ल्याला निघालं की ही गाडी थकत नसे. धम्मानंद आणि त्याची बायको भावना तिच्यावरून सारनाथला गेले होते, बोधगयेला गेले होते, आणि एकदा तर नुसती भेंडीची भाजी चांगली मिळते म्हणून बैतूलला जाऊन आले होते.

कंपनी अमेरिकेची. पाचसहा वर्षं तिने हिंदुस्थानात गाड्या विकल्या आणि एका सकाळी सगळ्या ग्राहकांचे आभार मानून दुकान गुंडाळलं. वर्धा रोडवर तिची शोरूम होती तिथे आता फरशा मिळतात. नागपुरात मोंटाना होत्या चार. सुटे भाग मिळायचे बंद झाले तसे हे चार मालक एकमेकांना सोयऱ्यांसारखे धरून राहिले. कारण उघड होतं. आपल्या गाडीचं काही गेलं तर ते जगात मिळण्याची जागा एकच, उरलेल्या तिघांचं अंगण.

चौघांत थोरले देवाजीभाऊ. मूळचे खाप्याचे, नागपुरात शाळामास्तर होते, आणि साठी उलटल्यावर त्यांनी ही गाडी घेतली तेव्हा त्यांच्या सुनेने आठवडाभर अबोला धरला होता. पुढे त्यांची नजर गेली. तेव्हा त्यांनी तिघांना अंगणात बोलावलं, चहा पाजला आणि कायदा करून टाकला. गाडी विकायची नाही, वाटायची. पैसा घ्यायचा नाही. ज्याने जो भाग नेला त्याने वर्षातून एकदा त्यांना मागे बसवून फिरवून आणायचं. पंप नेला तरी एक फेरी, आरसा नेला तरी एक फेरी. धम्मानंदने भोंगा आणि डाव्या अंगाचा डबा नेला होता. दोन भागांच्या दोन फेऱ्या होतात, पण देवाजीभाऊंनी एकीवर तोडपाणी केलं. "पण ती खाप्याची पायजे," ते म्हणाले होते.

मग दर थंडीत एका रविवारी धम्मानंद त्यांना घेऊन निघायचा. खाप्यात आलुबोंडे खायचे, पुढे कन्हानचा पूल ओलांडून पलीकडच्या टपरीवर चहा प्यायचा आणि परत. म्हातारा गप्प बसेल तर शपथ. अख्खा रस्ता कानाशी लागून, "चौथा टाक गा", "समोर बैलबंडी आहे", "या वळणाले आधी बोरीचं झाड होतं". दिसत नव्हतं त्यांना काही, पण रस्ता पाठ होता. आणि पुलावर चढलं की खांद्यावर दोन थापा मारायचे. धम्मानंद वेग कमी करायचा. चार हिवाळे हेच झालं. "म्हाताऱ्याले नदीचा भेव लागते," तो घरी येऊन भावनाला हसत सांगायचा. "पोचवून आलो पार्सल."

देवाजीभाऊ जाऊन आता दोन वर्षं झाली होती. उरल्या तीन गाड्या. एक धम्मानंदची, एक बाबनरावची आणि एक प्रीतीची.

बाबनराव उमरेडच्या विणकर घराण्यातला. आजोबांचा माग माळ्यावर गेला आणि त्याने नागपुरात मंडप-गाद्या भाड्याने द्यायचं बिछायत केंद्र काढलं. लग्नसराईत त्याला जेवायला वेळ नसतो, तरी एकवीस दिवस तो रोज दुपारी डबा घेऊन दवाखान्यात आला. धम्मानंदला ठाऊक होतं की बाबनरावची गाडी सात महिन्यांपासून बंद उभी आहे. तिचा पेट्रोलचा पंप गेला होता, मग देवाजीभाऊंकडून नेलेलाही गेला, आणि तो पंप पृथ्वीवर दोनच ठिकाणी होता, धम्मानंदच्या टाकीत आणि प्रीतीच्या. बाबनराव डबा उघडायचा, पोळी मोडून द्यायचा, आणि पंपाचं नाव काढायचा नाही. त्याच्या त्या न बोलण्याने धम्मानंदला पोळी गिळायला जड जायची.

प्रीतीची तऱ्हा वेगळी. ती दातांची डॉक्टर, वय पस्तीस, गाडी सेकंडहँड घेतलेली. दुखणं दिसलं की चिमटा काढायचा हा तिचा स्वभाव.

"काका," ती पलंगाच्या कडेला टेकून म्हणाली, "डॉक्टर काय म्हणून राहिले?"

डॉक्टर जे म्हणाले होते ते सगळ्या मजल्याला माहीत होतं. चालाल, जिना चढाल, पुढच्या दिवाळीत स्कूटीही चालवाल. आणि मग भिंतीला टेकवलेल्या मोबाइलवरचा मोंटानाचा फोटो बघून ते म्हणाले होते, "हे प्रकरण मात्र विसरा."

प्रकरण घडलं होतं कळमेश्वरजवळ. वेगात नव्हे, अपघातात नव्हे. कारखान्यातून निघालेल्या ट्रकला वाट द्यायला धम्मानंद कडेला उभा राहिला, गिट्टीवर पाय सरकला आणि गाडी अगदी सावकाश, एखादी म्हैस बसावी तशी त्याच्यावर बसली. भावना आधीच उतरली होती. "गाडीले ओरखडा नाही," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "ह्यांचा खुबा गेला."

"मंग वाटणी कधी?" प्रीतीने विचारलं.

बाबनरावने तिच्याकडे डोळे वटारले आणि खिडकीबाहेर बघत राहिला. धम्मानंद म्हणाला, "वाटणी नाही करून राहिलो मी. गाडी अख्खी ठेवतो."

"कोणासाठी?"

"पाहू," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्याच्या मनात अंकित होता. या अंकितचा अमरावती रोडला मोठा ढाबा. गाडीची कीर्ती ऐकून तो घरी येऊन गेला होता. ढाब्यासमोर चबुतरा बांधतो, म्हणाला, वर काचेचं छत, रोज पुसायला माणूस, आणि पितळेच्या पाटीवर तुमचं नाव. पैसेही चांगले देत होता, पण धम्मानंदला पाटी जास्त आवडली. मुख्य म्हणजे गाडी तिथे अख्खी राहणार होती. वाटणी केली तर ती तर जाईलच, वर दर वर्षी कुणाच्या तरी मागे बसून हिंडावं लागेल. कोळसा खाणीत तीस वर्षं फोरमन म्हणून ज्याने दुसऱ्यांना हुकूम दिले, तो आता बाबनरावच्या पाठीला चिकटून खाप्याला जाणार. कायदा देवाजीभाऊंचा होता आणि त्याने तो तेव्हा मान डोलावून कबूल केला होता. पण तेव्हा तो पुढच्या सीटवर होता.

"मी काही पार्सल नाही," तो त्या संध्याकाळी भावनाला म्हणाला.

भावना मोसंबी सोलत होती. "बारा वर्षं मी पार्सलच होती," ती म्हणाली. "मले तं काही झालं नाही."

दीड महिन्याने काठी टेकत चालता येऊ लागलं तसा धम्मानंद चबुतरा बघायला निघाला. छोटी कार भावनाने चालवली. ढाबा झकास होता, गर्दी भरपूर, आणि समोर खरोखरच संगमरवरी चबुतरा तयार. अंकितने हाताला धरून त्याला वर चढवलं आणि गाडी कुठे, कशी, कोणत्या अंगाने दिसेल ते दाखवलं.

"इंजिनातलं ऑइल काढून टाकू काका, पेट्रोलही. आगीचा कायदा कडक झाला आहे. हँडल वेल्डिंग करून घेऊ, नाहीतर पब्लिक हलवते."

"मंग सुरू नाही होणार ती?"

"सुरू काहून करायची? आवाजाची सोय केली आहे ना." अंकितने मोबाइलवर बोट टेकवलं. चबुतऱ्याच्या पोटात बसवलेल्या स्पीकरमधून फट्‌ फट्‌ फट्‌ असा दणका निघाला. जेवणारी दोनचार माणसं वळून बघू लागली.

धम्मानंदने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हा मोंटानाचा आवाज नाही."

"इंटरनेटवरून घेतला. पब्लिकले काय समजते काका."

हे ऐकून धम्मानंदला फार वाईट वाटलं. कुणी शिवी दिली असती तर तो काठी उगारून भांडला असता. पण अंकित बिचारा प्रेमाने बोलत होता, लस्सी पाजत होता, आणि सगळं खरंच सांगत होता. पब्लिकला काय समजतं. पितळेच्या पाटीखाली आपली गाडी दुसऱ्याच गाडीच्या आवाजात ओरडत राहील आणि लोक तिच्यावर पोरं बसवून फोटो काढतील, एवढंच.

परत येताना वाडी लागली. भावनाने आरशातून मागच्या ट्रककडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"बाबनभाऊ एकवीस दिवस डबा घेऊन आले," ती म्हणाली. "एकदा पंपाचं नाव काढलं नाही. तुम्ही असते तं?"

धम्मानंदने विचार केला. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मी पहिल्याच दिवशी काढलं असतं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने म्हणाला, "फोन लाव वं त्याले."

वाटणी रविवारी सकाळी धम्मानंदच्या अंगणात झाली. चहा झाला, कारण देवाजीभाऊंच्या कायद्यात चहा आधी होता. प्रीती हातमोजे घालूनच आली होती. बाबनराव बिछायत केंद्राची एक चादर घेऊन आला. ती जमिनीवर अंथरली, आणि निघालेला एकेक भाग तिच्यावर मांडला जाऊ लागला. धम्मानंद खुर्चीवर बसून पान्याचे नंबर सांगत होता. सांगायची गरज नव्हती, दोघांनाही ती गाडी पाठ होती, पण कुणी त्याला तसं म्हणालं नाही.

भोंगा प्रीतीने मागितला. "हा तं आधीच दुसऱ्या घरचा आहे," ती म्हणाली, "अजून एक घर करू द्या त्याले."

मागची सीट बाबनरावला हवी होती. नऊ महिने उभ्या गाडीत उंदरांनी त्याची सीट पार कुरतडली होती. बोल्ट काढायला तो वाकला तेव्हा भावना स्वयंपाकघरातून बाहेर आली, सीटवर एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "डाव्या अंगाले जरा दबली आहे. माझी पर्स ठेवत होती मी तिथं." बस. मग आत जाऊन तिने पोह्यांना फोडणी दिली.

शेवटी टाकी उघडून पंप काढला. बाबनरावने आपली गाडी टेम्पोतून आणली होती. तिच्या टाकीत तो बसवायला पाऊण तास गेला. मग त्याने हात पुसले, चावी धम्मानंदपुढे केली आणि म्हणाला, "तू फिरव."

मोंटानाची चावी फिरवली की इंजिन लागण्याआधी दोन सेकंद पंप गुणगुणतो. बारा वर्षं धम्मानंदने तो आवाज रोज ऐकला होता आणि कधी ऐकला नव्हता. आता तो बाबनरावच्या टाकीतून आला, जसाच्या तसा, शेवटी किंचित घसा बसल्यासारखा. मग इंजिन लागलं. नऊ महिन्यांनी लागलेल्या त्या गाडीचा आवाज साऱ्या गल्लीत भरला आणि धम्मानंदला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही. प्रीती चादरीवरचे नट उगाच पुन्हा मोजू लागली.

"फेरी कुठं पायजे?" बाबनरावने विचारलं. "कायद्यानं तुझी."

"खाप्याले," धम्मानंद म्हणाला.

जानेवारीतला रविवार उजाडला. बाबनरावच्या मागे चढायला धम्मानंदला स्टूल लागलं, आणि भावनाला प्रीतीच्या मागे चढायला काहीच लागलं नाही. सीट ओळखीची असून अनोळखी होती. मोंटानावर त्याने कमीतकमी लाखभर किलोमीटर काढले असतील, पण पुढे. इथून दिसत होतं ते बाबनरावचं हेल्मेट, त्यावरचा एक जुना स्टिकर आणि मानेवरचा तीळ.

"इथून तं काहीच दिसत नाही वं," तो शेजारी उभ्या असलेल्या गाडीवरच्या भावनाला म्हणाला.

"बाजूचं दिसते," ती म्हणाली. "समोरचं तुम्हीच पाहत होते आजवर."

कोराडीचा रस्ता लागेपर्यंत त्याने तोंड आवरलं. मग राहवेना. "चौथा टाक गा," तो बाबनरावच्या कानाशी म्हणाला. थोड्या अंतराने, "डाव्या हातानं ट्रॅक्टर येऊन राहिला." सावनेरजवळ, "या ढाब्याच्या मागं आधी संत्र्याचा बगीचा होता."

"धम्मा," बाबनराव पुढून ओरडला, "देवाजीभाऊ झाला का गा तू?"

बाजूचं खरंच दिसत होतं. संत्र्याचे ढीग, कापसाने भरलेली बंडी, कडेला सायकल थांबवून गाडीकडे बघत राहिलेला एक माणूस, ज्याने हात केला. धम्मानंदनेही हात केला. पुढे असताना त्याला हात करायला कधी जमलं नव्हतं, दोन्ही हात हँडलवर असायचे. खाप्यात थांबून आलुबोंडे खाल्ले. मग दोन्ही गाड्या पुलाकडे निघाल्या.

कन्हानला पाणी बेताचंच होतं. मधोमध निळी धार, दोन्ही अंगांना रेती, आणि धारेत गुडघाभर उभं राहून कुणीतरी सतरंजी धूत होतं. पुलावर चढताच वारा लागला. खालून थंड, वरून उन्हाचा. मागून प्रीतीने भोंगा वाजवला. तो देवाजीभाऊंचा भोंगा, त्याची खालची जाड पट्टी नदीवरून घुमत गेली. बुडाखाली भावनाची सीट, टाकीत आपला पंप, आणि करायला काही म्हणजे काही नाही. ना गिअर, ना ब्रेक, ना रस्ता. धम्मानंदला इतकं बरं वाटलं की ते कुठेतरी ठेवायला हवं होतं, आणि त्याचा हात आपोआप वर गेला. बाबनरावच्या खांद्यावर त्याने दोन थापा मारल्या.

गाडी हळू झाली.

"काय झालं?" बाबनरावने मान वळवून विचारलं. "भेव लागून राहिला का?"

धम्मानंदला देवाजीभाऊ आठवले. चार हिवाळे. दर वेळी याच पुलावर, याच दोन थापा, आणि दर वेळी तो शहाणा वेग कमी करायचा आणि घरी जाऊन म्हाताऱ्याच्या भित्रेपणाची गोष्ट हसून सांगायचा. दिसत नव्हतं त्यांना, तरी हा वारा तर लागत असेल. रेतीचा वास येत असेल. आपल्याच भोंग्याचा आवाज आपल्या गावच्या नदीवर ऐकू येत असेल.

"भेव नाही गा," तो शेवटी म्हणाला. "चाल तू."

पलीकडच्या टपरीवर चहा सांगितला. बाबनराव आणि प्रीती गाडीच्या टाकीला कान लावून पंपाबद्दल बोलत होते. धम्मानंद बाकावर भावनाशेजारी बसला आणि त्याने तिला थापांचं सांगितलं. सांगताना त्याला लाज वाटत होती.

"मले माहीत आहे," भावना म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"देवाजीभाऊंनी सांगितलं होतं. एकदा तुम्ही गाडी धूत होते अंगणात, मी त्याईले चहा दिला तेव्हा. म्हणाले, मी खुशीनं थाप मारतो, तुमच्या नवऱ्याले वाटते मी भेलो. हळू करते बिचारा."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"मी म्हटलं त्याईले, सांगते म्हणून. तं म्हणाले, नको. सांगितलं तं तो हळू करणं सोडून देईल." भावनाने कपातला चहा फुंकला. "हळू केलं की पूल जास्त वेळ पुरते, म्हणाले."

धम्मानंदने चहा संपवला, काठी घेतली आणि गाडीकडे गेला. बाबनरावने स्टूलऐवजी टपरीवाल्याचं खोकं आणून ठेवलं आणि धम्मानंद त्याच्यावर पाय देऊन मागे चढला. चावी फिरली, पंप गुणगुणला.

पूल लागला तसा त्याने बाबनरावच्या खांद्यावर पुन्हा दोन थापा मारल्या.

"आता काय?"

"हळू कर," धम्मानंद म्हणाला. "अजून हळू."